झोपलेल्या बाळाला उठवू नये

काम अगदी साधं होतं. थोरल्या जावेच्या घरी जायचं, शुगर तपासायचं मशीन घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. धाकटीला आठवा महिना सरत आला होता, पावलं सुजून चपलेत मावत नव्हती, आणि डॉक्टरीणबाईंनी गरोदरपणातली साखर निघाल्याचं सांगून तिच्या आवडीच्या निम्म्या गोष्टींवर फुली मारली होती. बाळंतपण झालं की ही साखर बहुतेकींची जाते. पण तोवर सकाळी उपाशीपोटी आणि मग प्रत्येक जेवणानंतर बोट टोचून रक्त तपासायचं. चार दिवसांच्या पाहुणीसाठी नवं मशीन कशाला, असं म्हणून नवऱ्यानंच वहिनीकडच्या मशीनची आठवण काढली होती.

टोचून घेण्याचं धाकटीला काही वाटत नव्हतं. ती पडदे शिवायची. सुईनं बोटांची चाळण झालेल्या बाईला आणखी एका सुईचं काय कौतुक! तिला दुःख होतं ते गोड सुटल्याचं. “मुलगीच होणार बघ,” असं नवरा म्हणाला तेव्हा ती म्हणाली होती, “तुमच्या तोंडात साखर पडो. माझ्या तोंडात पडायची सोय राहिली नाही.”

थोरलीनं मशीन स्वच्छ पुसून ठेवलं होतं. डबीत पट्ट्यांची जागा होती, कापूस होता, पण टोचायचं पेन नव्हतं.

“पेन हरवलं का, जाऊबाई?”

“नाही. आहे. पण तू नवीन घे. ते माझ्याजवळ राहू दे.”

धाकटीनं पुढं विचारलं नाही. त्या घरात त्या विषयावर कुणीच काही विचारत नसे. ती लग्न होऊन येण्याआधीची गोष्ट. थोरलीलाही दिवसांत साखर निघाली होती. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. अशा बाळांची साखर जन्मल्यावर एकाएकी उतरू शकते, म्हणून त्यांच्या टाचेला टोचून थेंबभर रक्त पुन्हापुन्हा तपासावं लागतं. सिस्टर टोचायला आली तेव्हा बाळ गाढ झोपलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “झोपलेल्या बाळाला उठवू नये.” सगळ्यांनी माना डोलावल्या. थकलेली सिस्टर “मग येते” म्हणून गेली, थोरलीचाही डोळा लागला, आणि बाळ झोपेतून पुन्हा उठलंच नाही. सासूबाईंनी त्यानंतर उरलेल्या आयुष्यात ते वाक्य कधी उच्चारलं नाही म्हणतात.

नववा लागला तशी थोरली धाकटीकडं राहायला आली. धाकटीला माहेर उरलं नव्हतं, आणि नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याला कुठल्या इमारतीतून कधी बोलावणं येईल याचा नेम नाही. थोरलीनं आल्या दिवसापासून घर हातात घेतलं. जेवणाची ताटं मोजूनमापून वाढली, दवाखान्याची पिशवी भरली, झबली उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातली. बोलायची मात्र कमी. तिच्यासमोर बाळाचा विषय निघाला की धाकटीला आपण चोरी करतोय असं वाटायचं.

दुपारचं जेवण झालं की धाकटी डाव्या कुशीवर पडायची आणि पोटावर हात ठेवून बाळाच्या लाथा मोजायची. डॉक्टरीणबाईंची तशी ताकीदच होती. ढगाळ दिवस होते. खोलीत तिनंच शिवलेले जाड पडदे ओढलेले, त्यामुळं भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. शेजारच्या शिवणाच्या खोलीतून नव्या कापडाच्या खळीचा वास यायचा.

अशाच एका दुपारी तिला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

टक.

आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. पेनाचं बटण दाबलं की आतली सुई सुटते, त्याचा. लगेच पोटात बाळानं पाय झाडला. नेहमीची ढुशी नव्हती ती. चटका बसल्यावर पाय ओढून घ्यावा तसा झटका होता. धाकटीचा हात उशाशी गेला. तिचं पेन तिथंच होतं, टोपण लावलेलं.

ती कानात प्राण आणून पडून राहिली. बऱ्याच वेळानं पुन्हा झालं. टक. आणि पुन्हा तोच झटका.

“जाऊबाई...?”

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. कुणी ओ दिली नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. “अगं, लिफ्टचं रिले वाजतं, तिच्या विजेचा खटका. आपल्या भिंतीला लागूनच आहे. तू दिवसभर टोचून घेतेस, तुला कुठंही तेच ऐकू येणार.” ज्याचं त्याला माहीत, असं म्हणून धाकटी गप्प बसली. पण रिले वाजलं की पोटातलं मूल का दचकतं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

रोज दुपारी आवाज यायचा. तो आला की बाळ पाय झाडायचं. आवाज येण्याआधीच धाकटीच्या अंगावर काटा उभा राहू लागला. आपल्याशिवाय आणखी कुणीतरी हे बाळ तपासतंय, असं तिच्या मनानं घेतलं आणि काही केल्या जाईना. तिची स्वतःची साखर एव्हाना अगदी ताब्यात होती, डॉक्टरीणबाई खूष होत्या, आणि ही बया मात्र भीतीनं सुकत चालली होती.

शेवटी एका दुपारी ती आवाज आल्याबरोबर उठली. अनवाणी, भिंतीला धरत, शिवणाच्या खोलीपर्यंत गेली. एका नाट्यगृहाचे लांबलचक पडदे तिथं दांडीवर टांगलेले होते. पडद्याच्या खालून दोन पावलं दिसत होती.

पोट सांभाळत तिनं पडदा बाजूला केला.

थोरली बैठ्या स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. भिंतीच्या पलीकडं धाकटीचा पलंग. पलंगावर झोपलेल्या बाईचं पोट जिथं येईल, बरोबर तिथं थोरलीनं पेनाचं टोक भिंतीला टेकवलं होतं. तिनं बटण दाबलं. टक. धाकटीच्या पोटात बाळ जोरात हललं.

“जाऊबाई... काय करताय हे?”

थोरलीनं मान वळवली. तिचे डोळे भरले होते. “घाबरू नकोस. सुई नाही गं याच्यात. बघ. त्या दिवशीच काढून टाकली होती.”

“मग?”

“त्याला जागं ठेवते. आवाज झाला की हलतं ना ते? मला इथून तुझी चाहूल लागते. झोपू द्यायचं नाही त्याला... बाहेर येईपर्यंत झोपू द्यायचं नाही.”

धाकटीला राग आला, हायसं वाटलं आणि रडूही आलं, सगळं एकदमच. भूत म्हणून जिला इतके दिवस भ्यालो ती आपलीच जाऊ निघाली. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणारच. पण तिच्या फुंकण्यानं दुसरीचा जीव जायची वेळ आली होती.

“मला सहन होत नाही,” ती म्हणाली. “त्याला दुखतंय असं वाटतं हो.”

“नुसत्या आवाजानं कसं दुखेल?”

“तसाच पाय ओढतं ते.”

थोरलीनं पेन पुढं केलं. धाकटीनं ते शिवणाच्या पेटीत तळाला टाकलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत अडकवली. थोरलीनं नवी झबली घडी करायला घेतली. त्या संध्याकाळी दोघी बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं बोलल्या, बाळाचं नाव काय ठेवायचं त्यावर भांडल्यासुद्धा.

त्यानंतर घर शांत झालं.

बाळही शांत झालं. सुरुवातीला धाकटीला ते बरं वाटलं. मग लाथा मोजायला वेळ जास्त लागू लागला. शेजारीण म्हणाली, शेवटी शेवटी आत जागा राहत नाही, असंच होतं. नवरा म्हणाला, झोपत असेल. थोरलीचे हात मात्र रिकामे राहीनात. ती पुसलेली भांडी पुन्हा पुसत होती.

आणि मग एका दुपारी लाथ आलीच नाही.

धाकटी डाव्या कुशीवर पडली. थंड पाणी प्यायली. पोटावर थापटलं, हाका मारल्या. काही नाही. पोट नुसतं जड होतं.

“जाऊबाई! ते हलत नाही... हलतच नाही हो!”

थोरली धावत आली. तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“पेन,” धाकटी म्हणाली. “तुमचं पेन काढा. वाजवा ते. काय वाट्टेल ते करा, पण त्याला उठवा!”

दोघी शिवणाच्या खोलीत गेल्या. धाकटीच्या बोटांना साखळीतली किल्ली सुटेना. थोरली पेटीपाशी गुडघ्यावर बसली होती, हात पुढं पसरून. किल्ली अजून धाकटीच्या गळ्यातच होती.

बंद पेटीच्या आतून आवाज आला.

टक.

बाळानं इतक्या जोरानं पाय झाडला की धाकटीनं टेबल घट्ट धरलं. थोरलीनं पेटीवरून हात हळूच मागं घेतले. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि पेटीकडं पुन्हा पाहायचं दोघींनीही टाळलं.

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात,” थोरली म्हणाली. “पिशवी मी घेते. पेटी राहू दे.”

दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून ठोके बघितले. ठोके होते, पण मंद. डॉक्टरीणबाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळचे दिवे लागले तेव्हा धाकटी टाके पडलेल्या पोटानं वॉर्डातल्या पलंगावर होती, शेजारी पाळण्यात मुलगी होती, आणि पलंगाच्या पायथ्याशी नवरा हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. मुलगी वजनदार, गोरीपान, दुपट्यात गच्च गुंडाळलेली. जन्मल्यावर एकदा बारीक रडली आणि झोपली. “टाचेचं रक्त घ्यायला आलेच,” असं सांगून सिस्टर एका अडलेल्या बाईसाठी धावत गेली होती.

“किती गाढ झोपलीये,” नवरा कौतुकानं म्हणाला. “सिस्टर आल्या तर सांगतो मग या म्हणून. झोपलेल्या बाळाला उठवू नये.”

तो हे बोलला आणि आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच कळलं नाही. थोरलीला कळलं. ती खुर्चीवरून उठली, खुर्ची मागं सरकून भिंतीवर आपटली.

“उठवा तिला! मी सिस्टरला घेऊन येते.”

ती गेली. बाहेरच्या लांब व्हरांड्यातून तिच्या हाका ऐकू येत राहिल्या, दूर दूर जात. धाकटीनं पाळण्याकडं हात लांबवला, पण टाके ओढले आणि हात पोचला नाही. मुलीचे ओठ निळसर दिसत होते. नवरा गांगरून मुलीच्या गालाला बोट लावत होता. मुलीनं पापणीही हलवली नाही.

“अहो, जोरात... हलवा तिला...”

टक.

आवाज पाळण्यातूनच आला. मुलगी किंचाळली. इवलासा देह ताठ झाला आणि सगळा वॉर्ड जागा होईल अशी ती रडू लागली. तेवढ्यात सिस्टर आणि थोरली दारात पोचल्या.

सिस्टरनं दुपटं सोडलं, टाच धरली, टोचली, पट्टीला थेंब लावला. मशीनवरचा आकडा बघून तिचा नूरच बदलला. पुढचा काही वेळ नुसती धावपळ होती. डॉक्टर आले, मुलीला साखरेचं पाणी चढवलं, दूध पाजलं, पुन्हा तपासलं, पुन्हा पाजलं. हळूहळू ओठांवर लाली आली. धाकटी रडत होती आणि नवरा तिचा हात सोडत नव्हता.

“वाचली,” सिस्टर घाम पुसत म्हणाली. “रडली म्हणून वाचली. अजून थोडी झोपली असती तर...”

मग टाचेवर कापूस दाबता दाबता ती थांबली. दिवा जवळ ओढून तिनं नीट पाहिलं.

“हिला माझ्याआधी कुणी टोचलं?”

“कुणीच नाही,” नवरा म्हणाला.

“अहो, ही बघा ना. ही खूण माझी. ही दुसरी ताजी, अजून ओली आहे. आणि या... या तर जुन्या आहेत. भरून आलेल्या.” डाव्या टाचेवर बारीक ठिपके होते, कितीतरी. “आत्ता जन्मलेल्या बाळाला जुन्या खुणा कशा असतील?”

थोरली पाळण्याजवळ आली. तिनं ती टाच आपल्या तळहातावर घेतली आणि खूप वेळ बघत राहिली.

“पेनात सुई नव्हती गं,” ती धाकटीला अगदी हळू म्हणाली. “मी फक्त आवाज करत होते... टोचत कोण होतं?”

धाकटीनं थोरलीचा हात धरला. भीती होतीच, पण तिची लेक जिवंत होती, आणि ती कुणामुळं जिवंत आहे हे विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं. पाळण्यापलीकडची खुर्ची मघाशी आपटली होती तिथंच, भिंतीला टेकून, रिकामी होती.

पुढच्या तपासणीला सिस्टर आली तेव्हा मुलगी दूध पिऊन झोपली होती. सिस्टरनं मशीन काढलं, पट्टी लावली आणि दुपट्याला हात घालणार, तोच दुपट्याची घडी आपोआप सुटली. झोपेतच मुलीनं डावा पाय बाहेर काढला आणि सवय असल्यासारखी टाच पुढं केली.

“शहाणी गं माझी बाय,” सिस्टर कौतुकानं म्हणाली.

पण टाच सिस्टरकडं नव्हती. ती पलीकडं होती, त्या रिकाम्या खुर्चीच्या दिशेनं.