चाकामागची वीट

"मॅडम, टाकीमागे स्कूटर सापडली! सकाळचीच असणार," हवालदार ठाण्याच्या दारातूनच म्हणाला.

इन्स्पेक्टर बाईंनी नुकताच बूट सैल केला होता. त्यांनी तो पुन्हा आवळला. पाय ठणकत होते, डोकं ठणकत होतं, आणि दुपार अजून संपायची होती.

सकाळी वळणावर एका स्कूटरनं पाववाल्या आजोबांना उडवलं होतं. आजोबा दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये, पाव रस्ताभर आणि स्कूटर पसार. बघणाऱ्यांनी फक्त हेल्मेट पाहिलं होतं. हेल्मेटला कुठे चेहरा असतो?

पाण्याच्या टाकीमागे सपाट सिमेंट होतं. स्कूटर तिथे स्टँडवर नीट उभी होती. मडगार्ड चेपलेलं. मागच्या चाकाला अर्धी वीट टेकवलेली. बाईंनी त्या विटेकडे पाहिलं, जांभई दिली, पुन्हा पाहिलं.

ठाण्यात परतल्या, तर बाकावर शाळेच्या गणवेशात एक मुलगी बसलेली.

"गुन्हा कबूल करायला आलीये," हवालदार पुटपुटला. "पंधरा वर्षांची आहे. घरी चिमणी म्हणतात."

चिमणी उभी राहिली. हवालदारापेक्षा चांगली वीतभर उंच होती!

"मोठं माणूस असल्याशिवाय मी तुला काही विचारणार नाही. कोण येतंय?"

"बाबा."

खिडकीबाहेर शाळेची पिवळी बस येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, मागे जाऊन खाली वाकला, हात झटकत आत आला.

"पोर आहे हो मॅडम," तो आल्या आल्या सुरू झाला. "नकळत झालं. दम द्या नि सोडा. एवढ्याशा मुलांना कुठे शिक्षा असते?"

"बसा. तोंडाला कुलूप." बाई चिमणीकडे वळल्या. "गाडी कोणी चालवली?"

"मी."

"किल्ली?"

"बाबांची. घरी खुंटीवरून घेतली."

"आजोबा कुठून आले?"

"डावीकडून. एकदम."

पाठ केलेल्या उत्तरांना एक चाल असते. तोंडी परीक्षेत ती शाळेतल्या बाईंना लगेच कळते. या बाईंनाही कळली.

"मग?"

"घाबरले. टाकीमागे गाडी लावली नि घरी पळाले."

"कशी लावलीस?"

"स्टँडवर."

"आणि?"

चिमणीनं बाबांकडे पाहिलं. बाबाही गोंधळले.

"आणि काय? गाडी लावताना अजून काय करतात?"

"आई काय म्हणाली?"

चाल तुटली. "काहीच नाही. बोलतच नाहीये. बाबांनी तिला सांगितल्यापासून नुसती बघते माझ्याकडे... मी कुणी परकी असल्यासारखी."

बाईंनी डोळे चोळले. "हवालदार, बसच्या मागच्या चाकाला काय लावलंय ते काढून आणा."

हवालदार लाकडाचा एक तिकोनी ठोकळा घेऊन आला.

"बस घरंगळली?" बाईंनी विचारलं.

"छे! अंगण तळहातासारखं सपाट आहे, मॅडम."

ठोकळा टेबलावर ठेवला गेला. ड्रायव्हरचा चेहरा उतरला.

"बस उभी केली की चाकाला अडण लावायची," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "पोरांची बस, घरंगळायला नको. चांगली सवय आहे. इतकी मुरलेली, की माणसाला धडक देऊन पळतानाही हात थांबले नाहीत. स्कूटर, तीही स्टँडवर, तीही सपाट जागी. तिथे वीट कोण लावेल? पोरीला तुम्ही सगळं पढवलंत. किल्ली, आजोबा, डावी बाजू. वीट राहिली, कारण ती लावल्याचं तुमच्याच लक्षात नव्हतं."

चिमणी ठोकळ्याकडे बघत राहिली.

"लायसन्स गेलं असतं," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. "बस गेली असती. वाटलं, ती लहान आहे, तिला कोण काय करणार."

"तिला नाही. तुम्हाला. अल्पवयीन मुलीच्या हाती गाडी गेली, की कायदा पालकाला धरतो. तुमचं खोटं पचलं असतं, तरी याच खुर्चीत बसला असतात. पोरीला मात्र फुकट मध्ये घातलंत."

ड्रायव्हरनं तोंड ओंजळीत लपवलं.

बाईंनी कागद पुढे ओढला. "चिमणी, तू जा घरी. पण ताब्यात घ्यायला मोठं माणूस लागेल. सही कोण करणार?"

"मी करतो ना," ड्रायव्हर सवयीनं पुढे झाला.

"तुम्ही आता इथेच थांबणार आहात."

त्याचा हात हवेतच राहिला.

"आईला बोलवा," चिमणी म्हणाली. हे उत्तर तिचं स्वतःचं होतं. "पण नुसतं ये म्हणू नका. आधी खरं सांगा. आणि बाबा, तुम्हीच सांगा."

बाईंनी फोन त्याच्यापुढे सरकवला. मग टेबलाखाली हळूच बूट काढला.

पलीकडे घंटा वाजत राहिली. मग फोन उचलला गेला.

"अगं, मी बोलतोय," ड्रायव्हर म्हणाला. "आपली चिमणी नव्हती गं. मी होतो."