पडद्यांचं माप

पडद्यांचं माप घ्यायला गेले होते मी, दुसरं काही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणीही विचारेल की एकटी तिथे कशाला तडफडलीस. पर्समध्ये इंचटेप, एक वही, पाण्याची अर्धी बाटली. भाद्रपदातला रविवार, दुपारचे तीन वाजत आले होते. दिवाळीला चावी देतो असं नव्या बिल्डरने लेखी कळवलं होतं, आणि खिडक्या बसल्यात म्हणून फोटोही पाठवला होता.

सकाळी अनिशला फोन केला तर म्हणाला, "रविवारी दुकानात गर्दी असते गं, हेमू. तूच घेऊन टाक ना माप. रंगही तूच ठरव."

अकरा वर्षांपूर्वी याच माणसाने पडदे निळे की पिवळे यावरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मी म्हणाले, बरं. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

अनिश विरारला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. आमची ओळख तिथलीच. मी पंचवीस वर्षांची, लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट टाइप करून डोकं दुखतं म्हणून गेलेली. तो एकेक भिंग बदलत विचारत होता, "आता कसं दिसतंय? आणि आता?" मला तिसऱ्याच भिंगाला सगळी अक्षरं लख्ख दिसली होती. तरी मी म्हणत राहिले, नाही, अजून धूसर आहे. तो वाकून पुन्हा भिंग बदलायचा. चांगला पाऊण तास मी त्याला राबवलं आणि चुकीच्या नंबरचा चष्मा महिनाभर मिरवला. डोकेदुखी वाढली तेव्हा परत गेले, तर म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं, पण मलाही उठवेना." त्या संध्याकाळी मी दुकानापासून घरापर्यंत चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्याचं घर नंदाखालला. नारळी-केळीची वाडी, घर मोठं, पण तीन भावांचे संसार त्यात. त्याच्या आई म्हणाल्या होत्या, माळ्यावरची खोली रिकामी करून देते, लग्न करून घेऊन ये तिला. नको म्हणाले ती मीच. पाच जणांच्या एका खोलीत वाढलेली मी, जन्मात कधी आतून कडी लावून बसले नव्हते. आपला दरवाजा हवा, आपली कडी हवी. आधी घर, मग लग्न. हे वाक्य माझं. अनिशने ते मला कधी ऐकवून दाखवलं नाही, एवढा त्याचा चांगुलपणा.

मग चांदीपच्या रस्त्याला, भातशेतीच्या कडेला ही इमारत सापडली. आमचा सातवा मजला. सांगाडा उभा राहिला, भिंती आल्या आणि काम थांबलं ते यंदा नवा बिल्डर येईपर्यंत थांबलंच. पहिली काही वर्षं आम्ही दर रविवारी वर जायचो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पसरून बसायचो. विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेषा मारायचो, इथे कपाट, इथे देव, इथे पलंग. पलंगाची रेषा मारताना दोघंही गप्प व्हायचो. पुढे महिन्यातून एकदा जायला लागलो. पुढे नुसत्या तारखा आणि सह्या उरल्या. त्याच्या केसांत पांढरं आलं, माझ्या आवाजात धार आली. हल्ली रोज त्याचा एक फोन येतो. जेवलीस का? जेवले. तू? हो. मग दोघंही कानाला फोन लावून गप्प बसतो आणि कोणीतरी आधी ठेवतं.

तर त्या दुपारी मी फाटकाशी उतरले. चांदीपचे हरिभाऊ तिथे पहिल्यापासून राखणीला आहेत. खुर्चीतून उठले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिले.

"खाली कवा आलीस गं बाय?"

"आत्ताच येतेय, काका. रिक्षाने."

त्यांनी मान वर करून सातव्या मजल्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"बरं. मी कोनाला काय सांगत नाय. बसत जा तू. पन वर पानी नाय, बाटली भरून ने."

"वर कोण बसतं?"

"तूच नाय का? दर आयतवारी. दादाची वाट बगत बसतेस."

रिक्षाचं भाडं सांगावं इतक्या साध्या आवाजात ते बोलले. सत्तरी उलटलेला माणूस, कुणाला तरी बघून माझी आठवण होत असेल, असं म्हणून मी बाटली भरून घेतली आणि जिना चढायला लागले.

जिन्याला अजून कठडा नाही. भिंतीला हात लावत चढत होते. चौथ्या मजल्यापर्यंत खालचा कुत्रा भुंकताना ऐकू येत होता, पुढे तोही आवाज राहिला नाही. ओल्या सिमेंटचा आणि पारव्यांच्या विष्ठेचा वास होता. सहाव्या मजल्यावर त्यात आणखी एक वास मिसळला, ब्राह्मीच्या तेलाचा. तेच तेल मी लावते. घामाने माझंच डोकं वास मारत असेल असं वाटलं.

आमच्या फ्लॅटला चौकट होती, दरवाजा नव्हता. हॉलभर धुळीचा जाड थर बसला होता. फक्त खिडकीपाशी माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ होती आणि तिथला कोबा गुळगुळीत, चकचकीत झाला होता. आमच्या आजीच्या घरी उंबरठा असा झाला होता, पन्नास वर्षांच्या पायांनी. त्या जागेच्या वर, भिंतीवर, डोकं टेकेल तिथे तेलाचा काळपट डाग होता. मी बोट लावून पाहिलं. डाग ओला होता.

भिंतीवरच्या आमच्या रेषा पुसट व्हायला हव्या होत्या. त्या लालबुंद होत्या, खाली विटेची ताजी भुकटी पडलेली. कपाट, देव, पलंग. आणि ज्या आम्ही कधीच मारल्या नव्हत्या अशाही रेषा होत्या. छताजवळ एक छोटा हूक, त्याखाली लिहिलेलं, पाळणा. दाराशी दप्तराची खुंटी. अक्षर माझं होतं.

इंचटेप हातात तशीच राहिली. आतल्या खोलीत मी अजून गेले नव्हते.

"आलीस?" आतून बाईचा आवाज आला.

मग ती बाहेर आली. केस बांधत बांधत आली. मी ओरडले नाही, कारण ओरडायला समोर काहीतरी भयंकर लागतं. समोर मी होते. वय माझंच, छत्तीस. कानाजवळचे पांढरे केसही तेवढेच. फक्त ती दमलेली नव्हती.

"माप घेतलंस?"

"अजून... नाही."

"राहू दे. बहात्तर बाय अठ्ठेचाळीस. मला पाठ आहे."

"तू इथे..."

"मी इथेच असते. तुम्ही दोघांनी यायचं सोडलंत. मी नाही सोडलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने माझ्या हातातून इंचटेप अलगद काढून घेतली. तिची बोटं थंड नव्हती, चांगली उबदार होती. "किती दमलीयेस गं... बस. त्याच्याकडे मी जाऊन येऊ?"

मला घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. आता उठून दुकानात जायचं, त्याला मापं द्यायची, तो मान वर न करता हं म्हणणार, मी काहीतरी टोचून बोलणार, मग रिक्षात दोघं दोन बाजूंना बघत बसणार. हे सगळं एक दिवस कोणीतरी माझ्यासाठी करत असेल तर...

"जा," मी म्हणाले.

चौकटीपाशी काढलेल्या माझ्या चपला तिने पायांत सरकवल्या. जिन्यावरून तिची पावलं भराभर उतरत गेली. पंचविसाव्या वर्षी मी अशी उतरायचे. मी त्या गुळगुळीत जागेवर बसले, डोकं डागावर टेकलं. ते नेमकं बसलं. डोळे कधी मिटले कळलंच नाही.

जाग आली तेव्हा सूर्य बुडाला होता. शेतांवर धूर पसरला होता आणि हॉलमध्ये हाताची बोटं जेमतेम दिसत होती. उठावंसं वाटेना. पर्समधून फोन काढून अनिशला लावला.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. तो हसत होता. तसं हसणं मी नऊ-दहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अगं, समोर बसून फोन काय करतेस?"

पलीकडे मी हसत होते. त्या हसण्याच्या शेवटी येणारा बारीकसा उसासाही माझाच.

"ऐक ना," अनिश म्हणाला, पण माझ्याशी नाही, फोन बाजूला धरून. "दिवाळीची वाट कशाला बघायची? नवरात्रात रजिस्टर करून टाकू. चावी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर नंदाखालला माळ्यावर राहू. चालेल?"

"चालेल," माझा आवाज म्हणाला. लगेच. विचारसुद्धा न करता.

एवढं सोपं होतं ते. अकरा वर्षं मी या दोन वाक्यांच्या अलीकडे उभी होते.

"दे इकडे फोन," ती त्याला म्हणाली. मग अगदी कानाशी, हळू आवाजात, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग आता रडू नकोस... झोप तू." तिने फोन ठेवला.

मी रडत नव्हते. गालांना हात लावून पाहिला, कोरडे होते.

रडण्याचा आवाज आतल्या खोलीतून येत होता. दबका, नाकातून ओढलेला, लोकांना कळू नये म्हणून गिळलेला. त्याचे वडील गेले तेव्हा अनिश असाच रडला होता, वाडीतल्या विहिरीमागे जाऊन, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी फोनकडे पाहिलं. आत्ताच तर तो दुकानात हसत होता.

"अनिश...?"

रडणं थांबलं. अंधारात कोणीतरी भिंतीला टेकून बसल्यासारखं झालं, आणि मग दमलेला आवाज आला.

"हेमू... तुझ्याऐवजीही कोणी गेलं का?"