काटा परतलाच नाही

मी सांगते आहे ते घडलेले आहे. या वयात कोणाला घाबरवून मला काही मिळवायचे नाही. पटत नसेल त्यांनी वाचू नये.

भर दुपार होती. आमच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात मी, मुलगा आणि सून असे तिघेच. यजमान जाऊन वर्ष होत आले होते. दुकान मुलगा चालवीत होता आणि मुलाला मी.

टेबलावर इस्पितळाच्या पाण्याच्या पंपाची मोटार होती. मुलगा दोन रात्री झोपला नव्हता. उभ्याउभ्या डुलक्या घेत होता.

वीज गेलेली. पंखासुद्धा गप्प.

त्याने यजमानांचे काट्याचे मीटर काढले. बटण ओहमच्या, म्हणजे तारेचा रोध मोजायच्या, सर्वांत वरच्या खुणेवर फिरवले. दोन्ही वायरींची टोके एकमेकांना टेकवली. काटा उजवीकडे गेला. छोटे बटण फिरवून त्याने तो शून्यावर आणला आणि टोके वेगळी करून टेबलावर ठेवली.

आता काट्याने पार डावीकडे परतायला हवे.

तो परतला नाही...

मध्येच थांबला. किंचित थरथरत.

टोके कोरड्या लाकडावर होती. एकमेकांपासून वीतभर दूर.

"मीटरही कामातून गेलं, आई. तसंच मोजतो," मुलगा वैतागून म्हणाला. हा उतावळेपणा तू माझ्या माहेरून घेतलेला नाहीस, असे मी त्याला सुनावले आणि कपाटातले दुसरे मीटर आणायला पाठवले.

सून काट्याकडे पाहत राहिली.

"बाबा दोन्ही टोकं चिमटीत धरायचे ना..." ती हळूच म्हणाली, "तेव्हा काटा इथंच यायचा."



मुलगा कपाटापर्यंत पोहोचला असेल...

वीज आली.

टेबलावरची मोटार गुरगुरली आणि गरगर फिरू लागली.

वीज नाहीच, या भरवशावर त्याने मोटारीची वायर बोर्डातून काढलीच नव्हती. मोजायला बसला असता, तर त्याची बोटे उघड्या तारांवर असती.

सुनेने बोर्डावरचे बटण बंद केले. मुलाने येऊन वायर बोर्डातून उपटली. 

मीटर आता माझ्या खोलीत असते. बॅटरी काढली की काटा डाव्या टोकाला जातो. घातली की पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

आयुष्यभर मी यजमानांना बजावीत आले, की दमलात, आता पुरे, हात धुऊन घ्या. आज तेवढे शब्द तोंडातून निघत नाहीत. त्यांनी हात काढला, तर मुलाकडे कोण पाहील?

परवा पुन्हा बॅटरी घालून पाहिली.

काटा पूर्वीपेक्षा जास्त थरथरत होता...