न बसणारी रेषा

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि काकांनी कपाळावर हात मारला. आलेख कालच्यासारखाच बिघडलेला.

भूजल कार्यालयात आलेखांचं काम काकांकडे होतं. विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं होतं. ते कुठवर पसरलंय याचा नकाशा आज द्यायचा होता. त्यावरून विहिरी बंद होणार होत्या. पण आधी व्हेरिओग्राम हवा. शेजारच्या विहिरींच्या पाण्यात फरक कमी, लांबच्यांत जास्त. तो फरक अंतरासोबत कसा वाढतो, हे दाखवणारे ठिपके. त्या ठिपक्यांवर मॉडेलची रेषा बसवायची.

काकांनी गोलीय मॉडेल लावलं. घातांकी लावलं. गाउसियनही लावून पाहिलं. एकही धड बसेना. लांबच्या विहिरींचे ठिपके शहाण्यासारखे रेषेवर, आणि अगदी शेजारच्यांचा पहिलाच ठिपका वर टांगलेला.

"अजून खेळच चाललाय?" साहेब दारातूनच ओरडले. "काढा कुठलीतरी रेषा!"

"कुठलीतरी कशी काढू? लोक पाणी पितात, साहेब."

"मग तो ठिपकाच पुसा ना, काका," नमुने आणणारा म्हणाला. त्याला सगळे बाटल्या म्हणत. "इथे तुमचं डोकं फिरलंय, तिकडे माझ्या आईचं. विहीर बंद केली तरी घर सोडणार नाही म्हणते."

काका वैतागून एकेक विहीर वगळून बघायला लागले. डबा तसाच राहिला. एका विहिरीपाशी ठिपका जरा खाली आला. आणखी एकीपाशी तसंच. दोन्ही वगळल्या आणि गोलीय रेषा चपखल बसली.

त्यांनी केमिस्टबाईंना बोलावलं.

"बाई, बाटल्यांची अदलाबदल झाली का तुमच्याकडे?"

"वा! सापडले मीच! एक पेटी उघडते, तपासते, बाटल्या धुते. मगच दुसरी."

"या दोन एकाच पेटीत होत्या?"

"छे. एक पहिल्या, एक शेवटच्या."

"आणि पेट्या?"

"एकदमच आल्या जीपमधून. चिठ्ठ्या लावलेल्याच."

काकांनी बाटल्याला खुर्ची दिली.

"ही विहीर विषारी विहिरींच्या मधोमध, आणि एकटीच स्वच्छ. ती टोकाची चांगल्या विहिरींमध्ये, आणि एकटीच विषारी. कुणी आकडा खोटा लिहिला असता तर एकच खटकली असती. दोन खटकतात, म्हणजे चिठ्ठ्या बदलल्या. बाईंपुढे दोन्ही बाटल्या एका वेळी कधी आल्याच नाहीत. त्या एकत्र होत्या फक्त तुझ्या जीपमध्ये. आणि ही मधली विहीर कुणाच्या दारात आहे रे?"

बाटल्याची मान खाली गेली.

"नुसती भीती वाटली हो, काका. आईची एक विहीर वाचली तर कुणाचं काय बिघडतंय?"

"चिठ्ठी बदललीस. पाणी नाही बदललं." काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "टोकाच्या विहिरीच्या नावावर लागलेला हा सगळ्यात मोठा आकडा खरा तुझ्या आईच्या विहिरीचा. हे ती रोज पिते."

बाटल्याने खिशातून फोन काढला. घरी लावला.

"आई, घागर खाली ठेव. आधी ठेव, मग सांगतो."