झिलईखालच्या रेघा

नख अडकलं नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

टबाच्या तळाशी राखाडी रेघा होत्या. चार-चारच्या जुड्या, लांबूनसुद्धा ठसठशीत, पण झिलईच्या आत असल्यासारख्या दिसणाऱ्या. बोट फिरवलं तर मात्र सगळं काचेसारखं गुळगुळीत. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरकाकांनी मला ही परीक्षा शिकवली होती. नख ओढून बघायचं. अडकलं तर ओरखडा, त्याला औषध नाही. सरकन निघून गेलं तर नुसता डाग, बादलीचा नाहीतर अंगठीचा धातू घासून वर बसलेला. डाग काढायच्या पावडरीने जातो, म्हणाले. मी म्हटलं, पण काका, वरचा डाग असा आत कसा दिसेल? त्यावर ते हसले. पाण्यात बघितलं की सगळंच आत दिसतं, म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

टब तेव्हा कोरडा होता. मी त्यांच्यामागे दार लावून घेतलं. मला भित्री म्हणायला घरची माणसं पुरेशी होती.

त्या घरात राहायला येऊन आम्हाला आठच दिवस झाले होते. आम्ही म्हणजे ताई, भावजी, त्यांची तीन महिन्यांची छकुली, आणि कॉलेज संपवून नोकरीची वाट बघत बसलेली मी. त्या दिवशी ताई रजा संपवून पहिल्यांदाच कामावर जायची होती. दारापर्यंत जाऊन तीनदा परत आली. भावजी माझ्याकडे बोट दाखवत तिला म्हणाले, कशाला काळजी करतेस, ही दारावरची बेल वाजली तरी उडते, छकुलीच हिला सांभाळेल. ताई हसली नाही. माझं मनगट धरून एवढंच म्हणाली,

"तिला एकटं सोडू नकोस. मिनिटभरही."

दोघंही सहाला येणार होते.

दुपारी अडीचच्या सुमारास छकुली दूध पिऊन झोपली. बाथरूमचं दार सताड उघडं ठेवलं की बोळापलीकडच्या खोलीतला तिचा पाळणा अर्धा दिसायचा. म्हणजे मी काही तिला एकटं सोडलं नव्हतं. असं मी आजही म्हणते. ताई त्या टबात अजून तिला अंघोळ घालत नव्हती. त्या रेघांवर पोरीला ठेववत नाही मला, म्हणायची. म्हटलं, संध्याकाळी टब पांढराशुभ्र दिसला तर तिच्या जिवाला बरं वाटेल, आणि या घरात माझाही भाव जरा वधारेल.

टब जुना, लोखंडी, वर पांढऱ्या चिनी मातीची जाड झिलई. मी आत उतरून गुडघ्यांवर बसले. पावडर पाण्यात कालवून लेप लावला, ओल्या फडक्याने गोल गोल घासायला लागले. पहिली जुडी दोन मिनिटांत गेली. दुसरीही. मला गंमत वाटायला लागली होती. तिसरीवर मी सहज आपली चार बोटं ठेवली.

बरोब्बर बसली.

हात उचलला आणि घासत राहिले. थोड्या वेळाने लक्षात आलं, मी थांबले तरी घासल्याचा आवाज लगेच थांबत नाही. अर्धा क्षण उशिरा थांबतो. रिकामा टब घुमणारच, मी स्वतःला समजावलं. माझं निम्मं आयुष्य स्वतःला समजावण्यातच गेलंय. मान वळवून पाळणा बघितला. छकुलीची मूठ कठड्यातून दिसत होती, शांत. बाहेर लख्ख ऊन होतं. पावडरीचा आंबूस वास मात्र केव्हाच उडाला होता आणि त्याच्या जागी दुसराच येत होता, बरीच वर्षं झाकून ठेवलेल्या पाण्याचा...

शेवटची जुडी सांडपाण्याच्या भोकाजवळ होती. ती काही केल्या जाईना. मग मी टाचा घासायचा दगड चांगला भिजवून आणला आणि दोन्ही हातांचा जोर लावला. रेघा फिकट झाल्या. एक गेली, दोन गेल्या, चारही गेल्या. खात्री करावी म्हणून मी तिथून नख ओढलं.

नख अडकलं.

मी वाकून बघितलं. ओरखडा म्हटलं की जागा खोल जाते. इथे कडा वर आल्या होत्या. कागदाला मागून टाचणी टोचली की येतात ना, तशा. तळहात टेकला तर सगळा टब गारठलेला आणि तेवढीच जागा कोमट. झिलईखाली आता काहीच घासत नव्हतं.

आणि माझ्या पाठीमागे दार लागलं.

आपटलं नाही. आपटलं असतं तर वाऱ्यावर ढकलता आलं असतं. झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार आपण लावतो ना, तसं अलगद लागलं... आणि खटका पडला.

टबातून बाहेर पडताना माझा गुडघा फुटला, ते मला रात्री कळलं. दाराची मूठ नुसतीच गरगर फिरत होती. खिडकी म्हणजे छताजवळचा वीतभर झरोका. फोन पाळण्याशेजारी. मी दार बडवलं, शेजारच्यांना हाका मारल्या, बादलीने कुलपावर घाव घातले. त्या आवाजाने छकुली जागी झाली आणि रडायला लागली.

आले गं, आले गं सोन्या, मी दारातून म्हणत होते आणि जात कुठेच नव्हते. मनगटावरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सहापर्यंत ही अशीच रडणार, श्वास अडकला तर, उलटी झाली तर... ताईचं ते मनगट धरणं आठवून मला रडू फुटलं.

मग रडणं जवळ यायला लागलं.

आधी वाटलं, भास. पण नाही. खोलीतून बोळात, बोळातून इकडे. मधेच हेलकावा घेत होतं, खांद्यावर टाकून थोपटताना होतं तसं. छकुलीला अजून कूससुद्धा वळता येत नव्हतं. दारापाशी येऊन ते हुंदक्यांवर आलं, मग नुसत्या श्वासावर. मग तेही ऐकू येईना.

मूल रडतंय तोवर ते आहे, एवढं तरी कळतं. त्या शांततेत मला काहीच कळत नव्हतं. मी दाराला कान लावला.

"ताई..."

मी बोटाने दारावर हलकेच टकटक केली.

"भावजी... कोण आहे? आमच्या छकुलीला... कुणी घेतलंय का?"

पलीकडे कुणीतरी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. ओली फरशी वाजते, तशी फरशी वाजली. आणि दाराला अगदी चिकटून, कित्येक वर्षांत न वापरलेल्या आवाजात, उत्तर आलं.

"हळू बोल... माझी बाळी आत्ताच निजलीय."