सगळ्यात खालची ओळ

"तू कधी हसतोस का रे?"

प्रश्न तिचा नव्हता. वाचनालयाच्या जिन्यात पैज लावून मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. "नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं उचलायची," असं त्यांच्यातल्या बडबडीनं फर्मावलं आणि चष्मिसनं मागून ढकललं. समोर कॉम्प्युटरपाशी ब तुकडीतला तो बसला होता. सगळी शाळा त्याला जजसाहेब म्हणायची. कारण विनोदावर वर्ग गडाबडा लोळत असला, तरी हा आपला निकाल राखून ठेवल्यासारखा चेहरा करून बसायचा.

त्यानं मान वर केली. शांतपणे, जणू हा प्रश्न त्याला रोजच कोणीतरी विचारतं.

"हसतो की. बिघाड सापडला की."

"कसला बिघाड?"

"कसलाही. आत्ता या पानावरचे फोटो उघडत नाहीयेत. का ते कळलं की हसेन. थांबणार असशील तर बघायला मिळेल."

जिन्यात खुदखुद झाली. पैज जिंकून झाली होती, आता सटकायचं… पण ती चक्क खुर्ची ओढून बसली! गेल्या वर्षापर्यंत हजेरी द्यायलासुद्धा जिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, ती हीच. या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत तिला स्वतःचा आवाज सापडला होता, आणि सापडल्यापासून तो खाली ठेवायला ती तयार नव्हती.

बारा मिनिटांनी बिघाड सापडला आणि तो हसला. आधी डावा गाल, मग डोळे, मग उरलेला सगळा चेहरा.

"अगंबाई," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"दोन साइट केल्यात मी," तो सांगत होता. "एक सायकलवाल्यांची, एक शिकवणीच्या बाईंची."

"मग तिसरी माझ्या आईची कर!"

हे डोक्यात यायच्या आधीच तोंडातून गेलं. पण खोटं नव्हतं हो. तिची आई उरल्यासुरल्या कापडांतून दिव्यांच्या शेड बनवायची. बाहेरच्या खोलीत त्या इतक्या टांगलेल्या असत की वजनकाटे दुरुस्त करणारे तिचे बाबा घरात शिरताना रोज नमस्कार केल्यासारखे वाकूनच येत. साइट करून घ्यायला आई एका कंपनीत जाऊनही आली होती. तिथला आकडा ऐकून घरी आली आणि दोन ग्लास पाणी प्यायली, त्यानंतर विषय बंद.

"कंपनी कशाला लागते?" तो म्हणाला. "वर्षाला साइटच्या नावाचे पैसे भरायचे, एवढाच खर्च. बाकी तयार साचा फुकट मिळतो. चार पानं पुरेत. शेड, किंमत, फोन नंबर, आमच्याविषयी."

"आणि ते ऑनलाइन दुकानात असतं तसं, 'गाडीत टाका, पैसे भरा' वगैरे?"

"तुझी आई दिवसाला दोन शेड करते ना? मग मॉलचं गल्लामशीन कशाला? गिऱ्हाईक फॉर्म भरेल, आई फोन करेल. वाढला धंदा की बघू, मालकीणबाई."

मालकीणबाई! बडबडीला हे कळलं असतं तर शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं असतं तिनं.

मग शनिवार-रविवार वाचनालयाच्या मागच्या खिडकीपाशी त्यांचं दुकान मांडलं गेलं. ती घरून पिशवीत शेड आणायची. तो दोन्ही हात उंच करून पांढरी चादर धरायचा, म्हणजे फोटोत मागची भिंत दिसू नये, आणि ती मोबाइलनं फोटो काढायची. दिवा लावायचा नाही, फक्त खिडकीचा उजेड घ्यायचा, हा त्याचा नियम. हात दुखले की चादर हळूहळू खाली यायची आणि वरून त्याचे डोळे दिसायचे. तिच्या मोबाइलमध्ये असे सहा फोटो होते, शेडपेक्षा डोळेच जास्त असलेले. ते साइटवर गेले नाहीत. खोडलेही गेले नाहीत.

"जरा डावीकडे," तो एकदा चादरीमागून म्हणाला.

"शेड की मी?"

"शेड. तू… आहेस तिथे बरी आहेस."

चादर एकदम वर गेली. पण कान बाहेरच राहिले होते, आणि ते लालभडक झाले होते!

"तुझे पैसे किती द्यायचे?" शेवटच्या रविवारी तिनं विचारलं.

"पैसे नकोत. पानाच्या सगळ्यात खाली एक ओळ हवी. माझ्या नावाची."

"एवढीशी?"

"त्या ओळीचं मला काम आहे."

"कसलं काम?"

"झालं की सांगेन." तो की-बोर्डकडे बघत होता. "तेव्हा अजून एक गोष्टपण सांगायचीय तुला."

"मग आत्ताच सांग की…"

"निकाल राखून ठेवलाय."

ती इतक्या जोरात हसली की वाचनालयाच्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "पुढचे दोन शनिवार मी नाही," जाताना तो म्हणाला. "परगावी जायचंय. पासवर्ड तुझ्याकडे आहेच. काही मोडू नकोस म्हणजे झालं."

ती उड्या मारतच घरी गेली. आईच्या हातात मोबाइल दिला. आईनं पहिली शेड बघितली, दुसरी बघितली आणि पदर डोळ्याला लावला. "माझ्याच आहेत ना गं या? दुकानातल्यासारख्या दिसतायत!" आणि हिनं तोंड उघडायच्या आत मावशीला फोन लावलासुद्धा. "अगं, पोरीनं केली! एकटीनं! हो ना, व्हिडिओ बघून शिकली असणार, हल्लीची पोरं…"

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते 'एकटीनं' तिच्या अंगावर नव्या ड्रेससारखं बसलं होतं, काढवेना. आणि खरं सांगायचं तर कोण मुलगा, कधीपासून, कुठे बसता, ही पुढची सरबत्तीही तिला दिसत होती. आईचं बोट पान खाली खाली सरकवत निघालं…

"थांब आई, थोडं काम राहिलंय!"

मोबाइल घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. पासवर्ड टाकला, खालची ओळ निवडली आणि पुसली. दोन सेकंद लागले. उद्या परत टाकू, तिनं स्वतःला बजावलं.

ती बाहेर आली तर बाबा मोबाइलमध्ये डोकावत म्हणाले, "ते 'आमच्याविषयी'चं पान रिकामंच दिसतंय. लिही, ही साइट आमच्या मुलीनं एकटीनं तयार केली आहे." छाती अशी फुगली होती बाबांची की शेडच हलली डोक्यावरची. ते सांगत गेले आणि ती टाइप करत गेली.

उद्या काही आला नाही. ऑर्डरी आल्या. वर्गात बाईंनी उभं करून कौतुक केलं, चष्मिसनं टाळ्या वाजवल्या. बडबडीनं मात्र कानात विचारलं, "आणि जजसाहेब?" हिनं न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या शनिवारी तो नेहमीच्या जागी होता. कॉम्प्युटर बंद होता.

"अहो जजसाहेब! होतात कुठे? आईला सतरा ऑर्डरी आल्या!"

"चांगलं झालं."

"आणि तुझं काम?"

"नाही झालं."

मग त्यानं सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच मुलाची हकिगत सांगावी तसं. परगावी एक संस्था होती. दोन वर्षं शिकवतात, राहायची सोय करतात, फी घेत नाहीत. फक्त स्वतः केलेली तीन कामं दाखवायची. "तुझी तिसरी होती. मोठ्या पडद्यावर उघडली सरांनी. मी म्हटलं, सर, सगळ्यात खाली बघा. ते खाली गेले… तिथं काही नव्हतं. मग त्यांनी 'आमच्याविषयी' उघडलं आणि मोठ्यानं वाचलं."

ती खुर्ची ओढून बसली.

"सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, त्या मुलीला पाठवायला हवं होतं."

"तू सांगायचंस ना, की…"

"काय सांगू? पोरगी खोटं बोलते म्हणून? मला वाटलं, तुझ्या घरच्यांनी लिहिलं असेल. तुला माहीतही नसेल."

हो म्हणायची सोय होती. त्यानं स्वतःच ती करून ठेवली होती, तिच्यासाठी.

"मी टाइप केलं," ती म्हणाली. "ओळही मीच काढली."

त्यानं मान हलवली. बिघाड सापडला होता. तो हसला नाही.



"तू काहीतरी सांगणार होतास," ती म्हणाली. "काम झाल्यावर."

"ते राहू दे आता."

"मला माहीत आहे ते काय आहे." तिचा एवढा मोठा आवाज, आता जेमतेम टेबलापलीकडे पोचत होता. "कारण… माझ्याकडेपण तेच आहे. तुझ्यासाठी."

त्यानं डोळे मिटले, उघडले. "महिन्यापूर्वी म्हणाली असतीस ना, तर मी या टेबलावर चढून नाचलो असतो. पट्टी खाल्ली असती बाईंची. पण आता म्हणतेस तर मला कळत नाही… हे माझ्यासाठी म्हणतेयस, की तुला बरं वाटावं म्हणून?"

"मलाही नाही कळत," ती म्हणाली. निदान हे तरी खरं होतं.

"यादी लागली त्यांची, माझं नाव नाही. परीक्षा झाली की मामाच्या छापखान्यात जाईन." त्यानं दप्तर खांद्याला लावलं. "शनिवारी आता मी येणार नाही." दारापर्यंत गेला आणि वळला. "फोटो मात्र फार छान आलेत हं. खरंच."

रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी आई शेडच्या कड्याला कापड ओढून शिवत होती आणि बाबा खिडकीपाशी किराणावाल्याचा काटा उघडून बसले होते.

"जरा हातातलं ठेवता का दोघं?"

"काय गं? ऑर्डर रद्द झाली?" आईनं विचारलं.

"साइट मी केली नाही."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. वाचनालय, चादर, ओळ, पडदा, त्या सरांचं वाक्य. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर रडली असती.

"अगं पण मी मावशीला… सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की गं…" आईचा चेहरा इतकासा झाला.

"तू चुकून बोललीस, आई. मी मुद्दाम गप्प बसले."

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "हा मुलगा कोण लागतो आपला?"

"आपला कोणी नाही लागत, बाबा." "माझा लागला असता. मी होऊ दिलं नाही."

आई हळूच म्हणाली, "यादी लागली म्हणतेस ना? मग आता काय करणार, बाळा?"

"काही होणार नाही, माहीत आहे मला. तो परत बोलेल असंही नाही. पण सोमवारी पहिल्या बसनं मी त्या संस्थेत जाणार आहे. ज्या सरांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, त्यांच्यासमोर उभी राहून तितक्याच मोठ्यानं सांगणार आहे की ते खोटं होतं आणि मी लिहिलं होतं. तुमच्यापैकी कोणी बरोबर आलं तर मला धीर येईल. नाही आलात तरी मी जाणार आहे."