उशाशी कोण हाये?

"आपल्या टोळीतला भुजंग घरातून निघाला तो फक्त एक पट्टा आणायला," रामरावांनी सुरुवात केली. "पुढचं त्यानंच मला सांगितलं. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यानं पाह्यलंय."

आष्टीत लाईट गेली होती. ओट्यावर रामरावांचा नातू मिथुन आणि नात संध्या एकाच गोधडीत बसले होते. रामराव बावीस वर्षं बाजारातल्या हमालांच्या टोळीचे मुकादम होते. टोळीतल्या प्रत्येकाचं पोतं त्यांना अंधारातही ओळखू यायचं.

"भूत कधी येणार, आबा?" मिथुननं विचारलं.

"आधी पोतं शिवायचं शीक, मंग भूत," रामराव म्हणाले. "दाभणात सुतळी ओवायची, पोत्याचं तोंड शिवायचं, अन् शिवून झालं की गाठ. मधीच चहाला उठायचं असलं तर गाठ मारायची न्हाई. सुतळी लोंबती ठेवायची. म्हंजे बाकीच्यांला कळतं, ह्यो गडी परत येणार हाये. त्या पोत्याला मंग कोणी हात लावत न्हाई. प्रत्येकाचा टाकाबी येगळा. आमचा कल्याण डावखुरा. त्याचे टाके उलटे पडायचे. साऱ्या टोळीत तसा एकच."

संध्यानं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

तर भुजंगला आणायचा होता मानेचा पट्टा. सोयाबीनची, सरकीची पोती वाहून वाहून त्याच्या मानेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकली होती. उजव्या हाताला मुंग्या यायच्या. चहाचा कप हातात धरलेला असायचा आणि आपोआप सुटायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला होता. "गादी नसेवर बसलीय. काढावी लागेल. उशीर कराल तर हात जाईल." ऑपरेशननंतर सहा आठवडे पट्टा.

टोळीत रीत अशी, की आजारपणाची वस्तू कोणा एकाची नसते. वॉकर असो, कमरेचा पट्टा असो, एका घरातून दुसऱ्या घरात जातो. मानेचा पट्टा होता कल्याणच्या घरी. कल्याणला जाऊन दोन वर्षं झाली होती. मालनबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आपणहून निरोप पाठवला होता. नको म्हणायची सोयच नव्हती. नको म्हटलं तर का नको, ते सांगावं लागलं असतं.

कारण कल्याणलाही हाच आजार होता. त्यालाही ऑपरेशनच सांगितलं होतं. तेव्हा हाच भुजंग त्याला म्हणाला होता, "येडा झाला का? गळा कापून घेतो व्हय? माझ्या वळखीचा एक माणूस हाये. एका झटक्यात मान बसवतो." आणि गाडीवर बसवून त्यानंच नेलं. त्या माणसानं एकच झटका दिला. कल्याण गाडीवर बसून गेला होता. परत आला तो बाजेवर. मानेखाली काही हलेना. तीन महिने पाठीवर पडून होता. डोळे आणि तोंड, एवढंच काय ते जिवंत.

भुजंग त्या तीन महिन्यांत एकदाच गेला. समोर जायची हिंमत झाली नाही. मालनबाई मागं भांडी घासत होती. तो हळूच आत शिरला आणि कल्याणच्या उशाशी बसला, त्याला दिसणार नाही असा.

"कोण हाये उशाशी?" कल्याणनं विचारलं.

भुजंगनं श्वास धरला.

"बोल की... कोण हाये?"

भुजंग उठला आणि चपला हातात घेऊन बाहेर पडला.

आता दोन वर्षांनी त्याच दारात मालनबाईनं पट्टा खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला. "तुमच्या दोस्तानं एक दिवस घातल्ता, भाऊजी. नवाच हाये." मग म्हणाली, "शेवटपर्यंत एकच धरून बसले होते. त्या दिवशी उशाशी कोण बसलं होतं. मी म्हणायचे, कोणी न्हाई. ते म्हणायचे, व्हतं. कोणाचा तरी घामाचा वास व्हता, आपल्या टोळीतला." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही तर आलाच न्हाईत."

"कामं लई व्हती, वहिनी," भुजंग म्हणाला आणि पट्टा घेऊन निघाला.

ऑपरेशन अगदी चांगलं झालं. गळ्याला पुढून बोटभर चीर देऊन गादी काढली, तिथं धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. हाताच्या मुंग्या कमी झाल्या. गिळताना दुखायचं आणि आवाज बसला होता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. घरी सोडताना त्यांनी दैवशालाला, भुजंगच्या बायकोला, नीट बजावलं, "पट्टा रात्रीही काढायचा नाही. मान झटक्यानं वळवायची नाही. आत बसवलेलं सरकलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. कदाचित त्याहून वाईट."

मार्गशीर्षातली अमावस्या. शुक्रवार. ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. दैवशालानं पट्टा बांधला, दोन बोटं आत जातील एवढा सैल. स्टीलची ताटली आणि चमचा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. "काही लागलं तर वाजवा. मी सयपाकघरात हाये, लेकराला खोकला हाये." दार लोटून ती गेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी भुजंगला जाग आली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. झिरोच्या दिव्यात काटे दिसत होते. वर पत्रे. पायाशी दार. त्याला दिसत होतं ते एवढंच.

वास आला. घामाचा. तागाच्या पोत्याचा.

त्याला वाटलं, आपलाच असेल.

मग बाजेचं उशाकडचं लाकूड करकरलं. कोणीतरी टेकून बसावं तसं.

"दैवशाले?"

आवाज फुटलाच नाही. नुसती हवा.

त्यानं चमच्याकडं हात नेला. बोटं चमच्याला लागली. मिटली नाहीत. चमचा खाली पडला... गोधडीवर. वाजला नाही.

मागं कोणीतरी श्वास घेत होतं.

वळून पाहायला एक क्षण पुरला असता. नुसती मान वळवायची. भुजंगनं दात आवळले. मान वळवली तर स्क्रू सरकतील. हात जाईल. मग पाय. मग पाठीवर पडून राहायचं. नुसते डोळे आणि तोंड. ते कसं असतं, त्यानं पाहिलं होतं. उशाशी बसून पाहिलं होतं.

खच्.

मानेच्या मागं. अगदी कानाशी.

मग... सर्रर्र.

भुजंगनं वीस वर्षं तो आवाज ऐकला होता. दाभण आत जातं. सुतळी ओढली जाते.

खच्. सर्रर्र.

पट्टा एक बोट घट्ट झाला.

त्यानं डोळे वर फिरवले. खोबणीत दुखेपर्यंत फिरवले. पत्रे दिसले. पत्र्यांवर दिव्याचा उजेड. उशाकडं काही दिसेना.

खच्.

"कोण..." ओठ हलले. "कोण हाये... उशाशी?"



कोणी बोललं नाही. त्याला माहीत होतं, कोणी बोलणार नाही. तोही बोलला नव्हता.

खच्. सर्रर्र. चार. पाच. पट्टा गळ्याच्या ताज्या चिरेवर दाबला गेला. गिळता येईना. सहा. घड्याळाचा काटा जागचा हलेना.

मग त्याला कळलं, काय हवंय ते. एकच शब्द. दोन वर्षांपूर्वीच द्यायचा होता तो.

सात.

"मी..." हवा आली. शब्द आला नाही. "मी... मीच व्ह..."

आवाज थांबला.

बाजेचं लाकूड पुन्हा करकरलं. वजन उठलं. पायांचा आवाज आला नाही... चपला हातात घेऊन जावं तसं.

रामरावांनी घसरलेली गोधडी पोरांच्या खांद्यावर ओढली. लांब कुठंतरी मोटारसायकल सुरू झाली आणि बंद पडली.

"मेला का तो?" मिथुननं हळूच विचारलं.

"न्हाई. काल बाजारात दिसला न्हाई का तुला? हात बराबर चालतो त्याचा."

"मंग सपान पडलं असंल, आबा," संध्या म्हणाली. "औषधांनी पडतात तसले."

"मीबी तेच म्हणलं असतं. पण सकाळी दैवशाला मान पुसायला गेली तर पट्टा सुटंना. पळत आली माझ्याकडं. मुकादम, जल्दी चला. मी गेलो. त्याला कुशीवर घेतलं, मान धरून, हळू. बॅटरी धरली मागून."

"मंग?"

"पट्टा मागून सुतळीनं शिवलेला. सात टाके. उलटे."

संध्यानं मिथुनचा दंड धरला.

"मालनबाईला सांगितलं त्यानं? की उशाशी मीच होतो म्हणून?"

"आवाज आला त्याचा पंधरा दिवसांनी. अजून तिच्या दारात गेला न्हाई." रामरावांनी अंधारात स्वतःच्या मानेवर हात फिरवला. "पट्टा सात टाक्यापर्यंतच शिवल्ता, पोरी. अर्धाच. बाकीच्या टाक्यांला पुरंल एवढी सुतळी मागं लोंबत व्हती... गाठ मारलेली न्हवती."